दप्तर आणि दरबार

काशीच्या घाटांची नावे घेताना यात्रेकरूच्या तोंडी प्रथम दशाश्वमेध, मणिकर्णिका आणि पंचगंगा येतात. मणिकर्णिकेहून उत्तरेकडे थोडे चालत गेले की संकठा घाट लागतो. तेथे गर्दी बेताची असते. घाटाच्या वर, अरुंद गल्लीत, संकटांचे निवारण करणारी म्हणून पुजली जाणारी संकठा देवी आहे. या घाटावर उभे राहून दोन्ही बाजूंना दृष्टी टाकली, तर मराठी माणसाला इतिहासाचे एक पान उघडल्यासारखे वाटते. दक्षिणेस लागूनच शिंदे घाट आहे. तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. उत्तरेस गंगामहाल घाट आणि त्याच्या पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट. एका बाजूस ग्वाल्हेर आणि दुसऱ्या बाजूस नागपूर, अशी दोन मराठी राजधान्यांची दगडी स्मारके काही पावलांच्या अंतराने गंगेच्या पाण्यात पाय सोडून बसली आहेत.

या दोन्ही नगरांच्या नशिबी एक गोष्ट समान आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भारतातील राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि त्या एकाच दिवशी ग्वाल्हेर आणि नागपूर या दोन्ही शहरांचे राजधानीपण संपले. ग्वाल्हेर ही तोपर्यंत मध्यभारत राज्याची हिवाळी राजधानी होती. उन्हाळ्यात तो मान इंदूरकडे जाई. नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवसानंतर ग्वाल्हेर आणि इंदूर नव्या मध्यप्रदेशात गेली आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. नागपूर विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि त्याची राजधानी अर्थातच मुंबई राहिली. मंत्री गेले, सचिव गेले, फायलींचे गठ्ठे गेले. जी नगरे मागे राहिली त्यांना भरपाई म्हणून काही कचेऱ्या आणि काही आश्वासने मिळाली.

राजधानीतील कचेऱ्या लहान शहरांकडे हलवाव्यात, हा विचार आज पुष्कळ ठिकाणी बोलला जातो. महानगरावरचा भार हलका व्हावा, दूरच्या प्रजेला सरकार जवळ यावे आणि मागे पडलेल्या गावांना उद्योग मिळावा, असे तीन हेतू त्यामागे असतात. हेतू चांगले आहेत. पण कचेरी हलली म्हणजे सत्ताही हलते काय? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा मराठी माणसाने स्वतःच्या इतिहासाकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

राजधानी हलविण्याची गोष्ट निघाली की प्रथम आठवण होते ती महंमद तुघलकाची. १३२७ मध्ये त्याने दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, आपले ठाणे नेले. दक्षिणेवर लक्ष ठेवण्यास ही जागा सोयीची होती, यात संशय नाही. परंतु माणसे हुकमाने आली होती. त्यांची मुळे तेथे रुजली नाहीत. काही वर्षांतच दिल्ली पुन्हा दिल्ली झाली. तेव्हापासून अविचारी स्थलांतराला तुघलकी हे विशेषण कायमचे चिकटले आहे. तथापि, पुढचा इतिहासही ध्यानात घेतला पाहिजे. दौलताबादेस उरलेल्या सरदारांनीच १३४७ मध्ये दिल्लीची सत्ता झुगारली आणि त्यातूनच बहामनी राज्य उभे राहिले. दक्षिणेत राहून दक्षिणेचा कारभार स्वतःच्या अधिकाराने करणे ज्यांना साधले, ते टिकले. दिल्लीचे हुकूम केवळ वाचून दाखविण्यासाठी जे आले होते, ते परत गेले.

मराठी राज्यात याच्या उलट दिशेची घटना घडली. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू छत्रपतींचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १७५० मध्ये, सांगोल्याचा करार होऊन राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. तेव्हापासून राज्याचे दप्तर साताऱ्याहून पुण्याकडे वळले. फडणीस आणि त्यांचे कारकून पुण्यास नांदू लागले. साताऱ्यास काय राहिले? छत्रपतींची गादी राहिली, मान राहिला. पेशवाईची वस्त्रे शेवटपर्यंत साताऱ्याहूनच येत असत. दुसऱ्या बाजीरावालाही ती तेथूनच घ्यावी लागली. पण वस्त्रे साताऱ्याची आणि निर्णय पुण्याचा, अशी ती विभागणी होती. एखाद्या नगराला मान देऊन त्याच्याकडून निर्णय काढून घेतला, तर त्याची अवस्था कशी होते, याचे साताऱ्याइतके स्पष्ट उदाहरण मराठी इतिहासात दुसरे नाही.

तिसरे उदाहरण नर्मदेच्या काठचे. अहिल्याबाई होळकर यांनी महेश्वर या लहानशा गावातून राज्य केले. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली. महेश्वरचा दरबार उठला. पण महेश्वर ओसाड झाले नाही. बाईंनी तेथे विणकर वसविले होते. त्यांचे माग चालूच राहिले आणि महेश्वरी लुगडे दोन शतकांनंतरही त्या गावाचे नाव राखून आहे. काशीतही हाच अनुभव येतो. येथील विश्वनाथाचे मंदिर बाईंनी १७८० मध्ये उभारले. त्यांची देवस्थाने आणि अन्नछत्रे इंदूरच्या किंवा महेश्वरच्या रोजच्या हुकमावर अवलंबून नव्हती. त्यांच्या खर्चाची नेमणूक खासगीतून लावून दिलेली होती. राज्य बुडाले तरी दिवा लावण्याची सोय बुडाली नाही. दूरच्या ठिकाणी संस्था उभी करताना तिला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचे काम दोन्ही दिले पाहिजे, हे त्या थोर स्त्रीने कोणतेही शास्त्र न लिहिता दाखवून दिले.

काशी ज्या प्रांतात आहे, त्या उत्तर प्रदेशाची कथाही उद्बोधक आहे. १८५७ च्या उठावानंतर वायव्य प्रांताचे मुख्य ठाणे आग्र्याहून अलाहाबादेस आले. १८६६ मध्ये आग्र्यास स्थापन झालेले उच्च न्यायालयही १८६९ मध्ये तेथे आणले गेले. पुढे १९२० नंतरच्या दीड दशकात सचिवालय आणि विधिमंडळ लखनौला गेले. उच्च न्यायालय मात्र अलाहाबादेसच राहिले. १९४८ मध्ये अवधचे मुख्य न्यायालय त्यात विलीन झाले, तेव्हाही मुख्य पीठ हलले नाही. लखनौत खंडपीठ बसले. लोकसेवा आयोग आणि माध्यमिक शिक्षण मंडळ हेही अलाहाबादेसच, म्हणजे आजच्या प्रयागराजासच, नांदत आहेत. म्हणून संकठा घाटावरच्या एखाद्या घराच्या मालकीचा तंटा उच्च न्यायालयात गेला, तर त्या गृहस्थाला सुमारे १२० किलोमीटरांवर प्रयागास जावे लागते. मंत्र्याकडे अर्ज नेला, तर सुमारे ३०० किलोमीटरांवर लखनौ गाठावे लागते. गैरसोय आहे हे खरे. परंतु प्रयागाचे राजधानीपण गेले तरी त्याचे महत्त्व गेले नाही. वकिलांच्या पिढ्या तेथे घडल्या; न्यायालयाभोवती ग्रंथविक्रेते, टंकलेखक, खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या यांचे एक नगरच वसले. असे का घडले? न्यायालयात आलेला दावा न्यायालयातच निकालात निघतो. त्यासाठी लखनौची संमती मागावी लागत नाही.

१९५६ मध्ये नव्या मध्यप्रदेशाची घडी बसविताना हाच धडा अंशतः गिरविला गेला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या आपल्या अहवालात राजधानीसाठी जबलपूरची शिफारस केली होती. प्रत्यक्षात निवड भोपाळची झाली. मग जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. ग्वाल्हेरला महसूल मंडळ आणि महालेखापालाची कचेरी मिळाली. इंदूरला लोकसेवा आयोग मिळाला. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे उच्च न्यायालयाची पीठे बसू लागली आणि १९६८ मध्ये ती कायम झाली. राज्य एक, पण त्याची मोठी कार्यालये चार शहरांत, अशी ही रचना भारतात थोड्याच ठिकाणी आढळते. ती कोणा तत्त्वज्ञाच्या आराखड्यातून निघाली नव्हती. चार मानी शहरांची समजूत घालता घालता ती जन्मास आली.

या वाटणीत माणसांचे काय झाले, याची नोंद राजपत्रात सापडत नाही. नागपूरच्या सचिवालयातील कारकुनापुढे त्या वर्षी दोन वाटा होत्या. एक भोपाळची आणि दुसरी मुंबईची. भोपाळला गेले, तर मुलांची शाळा हिंदीची होणार. मुंबईला गेले, तर भाषा आपली, पण डोक्यावर छप्पर कसे मिळणार, ही चिंता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतराव शिंद्यांच्या काळापासून नांदलेल्या मराठी कुटुंबांपुढेही पेच होता. दरबारची नोकरी, मग मध्यभारताची नोकरी, असा ज्यांचा क्रम होता, त्यांच्या पुढच्या पिढीला भोपाळचा रस्ता धरावा लागला. पण ज्यांच्या कचेऱ्या ग्वाल्हेरातच राहिल्या, त्यांची घरेही राहिली. आणि घरे राहिली म्हणून तेथील गणेशोत्सव, मराठी वाचनालये आणि गाण्याच्या बैठकी यांचा धागा तुटला नाही. एखादी कचेरी गावात राहणे म्हणजे केवळ काही पगार गावात राहणे नव्हे; त्या पगारांवर उभी असलेली भाषा आणि संस्कृतीही तिच्याबरोबर राहते.

नागपूरची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक बोलकी आहे. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. जवळजवळ एक शतक त्या शहराने राजधानीचा कारभार पाहिला. १९३६ पासून त्याचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. असे शहर संयुक्त महाराष्ट्रात यावयाचे, तर त्याची भीती घालविणे आवश्यक होते. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांच्या त्यावर सह्या होत्या. या करारात दोन आश्वासने फार महत्त्वाची होती. एक, राज्याचे शासन दरवर्षी काही निश्चित काळ अधिकृतपणे नागपुरास हलविले जाईल. दुसरे, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी तेथे भरेल. त्याखेरीज उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपुरास राहील आणि विकासाचा पैसा, नोकऱ्या व उच्च शिक्षणाच्या जागा यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असेही ठरले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले. तेव्हापासून, काही वर्षांचे अपवाद वगळता, ही प्रथा चालू आहे. २०२० आणि २०२१ मध्ये साथीच्या काळात ते मुंबईतच झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा नागपुरास आले. अधिवेशनाच्या दिवसांत शहराचे रूप पालटते. मंत्र्यांचे बंगले उघडतात, आमदार निवास गजबजते, रस्त्यांवर मोर्चे निघतात. गडचिरोलीचा आदिवासी, यवतमाळचा कापूस पिकविणारा शेतकरी, चंद्रपूरचा कामगार आपले गाऱ्हाणे घेऊन येतो. मुंबईला जाणे ज्याला परवडत नाही, त्याला सरकार डोळ्यांनी दिसते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु अधिवेशन संपले की गाड्या भरतात आणि फायली मुंबईला परततात. करारात अभिप्रेत होते ते शासनाचे वास्तव्य. प्रत्यक्षात बहुतेक आले ते अधिवेशनाचे काही आठवडे, पुष्कळदा दोनच. प्रश्न नागपुरात मांडावयाचा आणि उत्तर मुंबईत शोधावयाचे, असा हा प्रकार झाला. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापावी लागली, यावरून केवळ अधिवेशनाने काम भागले नाही हे उघड होते. त्या मंडळांची मुदतही २०२० मध्ये संपली.

याच नागपुरात दुसऱ्याही प्रकारच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्राच्या वनखात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही तेथेच आहे. यात कोणाची समजूत घालण्याचा भाग नाही. राज्यातील मोठी अरण्ये आणि खनिजे विदर्भात आहेत, म्हणून त्यांचा कारभार पाहणारा अधिकारी तेथे बसतो. पुण्यातही असेच घडले आहे. शेती, सहकार, साखर, शिक्षण, जमाबंदी यांची मुख्य कार्यालये पुण्यात आहेत आणि त्यामुळे मुंबईबाहेरही राज्याचा मोठा कारभार चालतो. आदिवासी विकासाचे आयुक्त नाशिकला बसतात. कामाच्या जवळ बसविलेली कचेरी रुजते. नुसत्या सांत्वनासाठी दिलेली कचेरी पाहुण्यासारखी राहते.

न्यायालयांनीही हीच साक्ष दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ १९८१ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, बसू लागले आणि मराठवाड्यातील पक्षकाराचा मुंबईचा फेरा चुकला. कोल्हापूरकरांनी आपल्या भागासाठी अशीच मागणी कित्येक दशके लावून धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे सर्किट बेंच सुरू झाले. या मागणीमागे अभिमान होताच; पण त्याहून अधिक होता तो तारखेमागून तारखेला मुंबईची गाडी धरणाऱ्या माणसाचा थकवा.

याच्या विरुद्ध बाजूलाही सांगण्यासारखे आहे आणि ते न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. मंत्री एका शहरी, सचिव दुसऱ्या शहरी आणि संचालक तिसऱ्या शहरी, अशी फाटाफूट झाली की एका सहीसाठी चार प्रवास करावे लागतात. ग्वाल्हेरचा अधिकारी भोपाळच्या बैठकीसाठी आणि पुण्याचा मुंबईच्या बैठकीसाठी किती दिवस वाटेवर घालवितो, याचा हिशेब केला तर विकेंद्रीकरणाचा खर्च कळून येतो. म्हणूनच शासनाचे हृदय हलविणे अवघड जाते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवून सरकारी कार्यालये तिकडे न्यावीत, अशी सूचना केली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली, बेलापूरला कोकण भवन झाले. पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले. खाडी ओलांडावयाची होती ती अवघ्या काही किलोमीटरांची. तरीही निर्णय घेणाऱ्यांनी ती ओलांडली नाही. मग नागपूरचे आठशेहून अधिक किलोमीटर त्यांनी कसे ओलांडावेत?

त्यामुळे प्रश्न अंतराचा राहत नाही. तो अधिकाराचा होतो. फायली आता तारेवरून क्षणात जातात, बैठका पडद्यावर होतात. सहीसाठी प्रवास करण्याचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही. पण सही कोणी करावयाची, हे यंत्र ठरवीत नाही. लहान शहरी नेलेल्या कचेरीला तीन गोष्टी मिळाल्या तर ती जगते. तिचे काम त्या प्रदेशाशी संबंधित असावे; त्या कामापुरता अंतिम निर्णय तिच्या हाती असावा; आणि त्यासाठी लागणारा पैसा तिला हात न पसरता मिळावा. महेश्वरच्या बाईंनी काशीतल्या देवळांना नेमक्या याच गोष्टी दिल्या होत्या. साताऱ्याच्या गादीला यांपैकी निर्णयच नाकारला गेला होता. नागपूरच्या अधिवेशनाला त्यातला थोडा भाग मिळाला, आणि विदर्भाचे समाधान व असमाधान दोन्ही त्या थोड्या भागातूनच उगवले.

संकठा घाटाच्या शेजारचा शिंदे घाट बांधला गेला तेव्हा त्याचे बांधकाम इतके अवजड झाले की खालची भूमी ते पेलू शकली नाही आणि घाट खचला. पुढे ग्वाल्हेर घराण्याने तो पुन्हा बांधून काढला. आज त्याच्या पायऱ्यांवर स्नान करणाऱ्या कोणालाही ग्वाल्हेरची परवानगी मागावी लागत नाही, आणि पलीकडे भोसले घाटावर उतरणाऱ्याला नागपूरची. ग्वाल्हेर आणि नागपूर यांच्या राजधान्या गेल्या; त्यांनी काशीस उभे केलेले काम मात्र ज्याच्यासाठी होते त्याच्या उपयोगी पडत राहिले. राजधानीबाहेर कचेरी नेताना राज्यकर्त्यांनी इमारतीच्या कोनशिलेवर आपले नाव जरूर कोरावे. पण गडचिरोलीहून आलेला माणूस आपले काम तेथेच उरकून त्याच दिवशी घरी परतू शकतो की नाही, हे पाहिल्याशिवाय ती कचेरी खऱ्या अर्थाने हलली असे त्यांनी मानू नये.